विंडोज १० चा आधार संपल्यावर घरातील संगणकांवर कोणती प्रणाली ठेवावी?

प्रश्न

नमस्कार,

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून पुढे ढकललेला निर्णय आता घ्यावाच लागणार आहे. घरात दोन संगणक आहेत. माझा लॅपटॉप तीन वर्षांचा असून त्यावर विंडोज ११ व्यवस्थित चालते. वडिलांचा डेस्कटॉप मात्र जुना आहे. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, त्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. वाढीव अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येते हे मला ठाऊक आहे, पण ती तात्पुरती मलमपट्टी झाली.

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते संगणकावर बँकेचे व्यवहार पाहतात, वर्तमानपत्रे वाचतात, पत्रे टंकून छापतात आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. काही दिवसांपूर्वी बातमी वाचत असताना अचानक त्यांचा सगळा पडदा निळा झाला, "आपला संगणक बाधित झाला आहे, तो बंद करू नका" अशी सूचना मोठ्या आवाजात ऐकू येऊ लागली आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक झळकला. त्यांनी घाबरून भिंतीवरचे बटण बंद केले. त्यांनी तो क्रमांक फिरवला नाही हे नशीब. पण त्यानंतर आठवडाभर ते संगणकाजवळ फिरकले नाहीत, आणि मला खरी काळजी वाटली ती त्याची.

चौकशी केल्यावर तीन प्रकारचे सल्ले मिळाले. "लिनक्स टाका, त्याला व्हायरस लागतच नाही." "मॅक घ्या आणि विसरून जा." "विंडोजच ठेवा, चांगला अँटिव्हायरस विकत घ्या." सल्ला देणारे तिघेही ठाम होते, पण कारण विचारल्यावर कोणालाच दोन वाक्यांपलीकडे सांगता आले नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. या प्रणालींच्या सुरक्षिततेत जो फरक सांगितला जातो तो त्यांच्या रचनेतच आहे, की विंडोज सर्वाधिक लोक वापरतात म्हणून हल्लेही तिच्यावर जास्त होतात, एवढाच त्याचा अर्थ आहे? आणि सुरक्षिततेसाठी प्रणाली बदलली तर रोजच्या वापरात नेमके कुठे अडते? मला स्वतःला नवे शिकायला हरकत नाही. वडिलांना मात्र प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी मला हाक मारावी लागू नये, अशी इच्छा आहे.

प्रतिसाद १

मी अठरा वर्षे निरनिराळ्या कार्यालयांतील संगणक सांभाळत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

वापरणाऱ्यांची संख्या हे कारण खरे आहे, पण ते अर्धेच आहे. विंडोजचे नाव खराब झाले ते मुख्यतः एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळात, आणि त्याचे मूळ रचनेइतकेच सवयीतही होते. वापरकर्त्यांचे अधिकार वेगवेगळे ठेवण्याची यंत्रणा त्या विंडोजमध्ये होतीच. पण घरोघरी प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसत असे, कारण कित्येक प्रोग्राम त्याशिवाय चालत नसत. परिणामी तुम्ही जो प्रोग्राम उघडाल त्याच्या हाती संपूर्ण संगणकाच्या किल्ल्या आपोआप पडत. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पर्यंत तर एक्सपीतील फायरवॉलसुद्धा, म्हणजे बाहेरून येणारी घुसखोरी अडवणारी सोय, मुळात बंद ठेवलेला असे.

यावर उपाय म्हणून त्यापुढच्या व्हिस्टा या आवृत्तीमध्ये परवानगी विचारणारी खिडकी आली. हेतू योग्य होता, पण ती खिडकी इतक्या वेळा मध्ये येऊ लागली की लोकांनी एक तर न वाचता 'होय' दाबण्याची सवय लावून घेतली, नाही तर ती सोयच बंद करून टाकली. २००९ मध्ये विंडोज ७ आणताना तिचे प्रमाण कमी करावे लागले. तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ मला इथे पडलेली दिसते. संगणक-संरक्षणाची तत्त्वे मांडताना जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच असे म्हटले होते की, संरक्षणाची रीत माणसाला वापरायला सोपी हवी, म्हणजे ती त्याच्याकडून रोजच्या रोज आणि बिनचूक पाळली जाईल. जी सुरक्षितता पावलोपावली अडवते ती लोक स्वतःच्या हाताने काढून टाकतात, हे मी प्रत्येक कार्यालयात पाहिले आहे. म्हणून सुरक्षितता आणि सोय यांचे वेगवेगळे गुण देऊन बेरीज करण्यात अर्थ नाही; वडिलांना न पेलणारी सुरक्षितता त्यांच्या संगणकावर टिकणारच नाही.

आजची विंडोज ११ रचनेने कमकुवत आहे असे मी म्हणणार नाही. संगणक सुरू होताना सुरुवातीचे सॉफ्टवेअर अस्सल आहे का हे तपासले जाते, डिस्क कूटबद्ध ठेवता येते आणि डिफेंडर हा अँटिव्हायरस २०१२ च्या विंडोज ८ पासून प्रणालीसोबतच येतो. घरगुती वापरासाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज मला तरी दिसत नाही. अशा सॉफ्टवेअरला बहुधा प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रवेश द्यावा लागतो आणि तिथे चूक झाली की सगळेच कोसळते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी कोणीही हल्ला केलेला नव्हता. रखवालदाराचाच पाय घसरला होता.

खरा धोका अपडेट थांबण्यात आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने १२ मे २०१७ रोजी दीडशेहून अधिक देशांतील संगणक वेठीस धरले, पण ज्या दोषातून ते शिरले त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेली होती. ज्यांनी अपडेट केले होते त्यांच्या दारावरून ते निघून गेले. तुमच्या वडिलांच्या संगणकावर वाढीव मुदत संपल्यानंतर अशी दुरुस्ती येणारच नाही, त्यामुळे विंडोज १० वर बँकेचे व्यवहार चालू ठेवणे मला मुळीच पटत नाही.

विंडोजची एक सवय मात्र मला आजही खटकते, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा जो किडा जगभर पसरला, त्याच्या फाइलच्या नावाच्या शेवटी आधी 'टीएक्सटी' आणि मग 'व्हीबीएस' अशी दोन शेपटे होती. विंडोज शेवटचे शेपूट दाखवत नसल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली, त्यांनी ती उघडली आणि प्रोग्राम सुरू झाला. इतकी वर्षे झाली तरी नव्या विंडोज ११ मध्येही ती शेपटे मुळात लपवलेलीच असतात. मी काम करत होतो त्या एका कार्यालयात लेखा विभागातील बाईंनी 'इनव्हॉइस' नावाची अशीच एक फाइल उघडली. तिचे चित्र पीडीएफचे होते, नावही पीडीएफचे दिसत होते. दुपारच्या आत सामायिक ड्राइव्हवरील सगळ्या फाइली कूटबद्ध झाल्या, आणि बॅकअपची डिस्क कायम जोडूनच ठेवलेली असल्यामुळे तिच्यावरच्या प्रतीही गेल्या. बाईंची त्यात काडीचीही चूक नव्हती. पडद्यावर जे दिसत होते त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. तेव्हापासून कोणताही विंडोज संगणक हाती आला की फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो' आणि मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय मी सर्वप्रथम चालू करतो, आणि बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवतो.

तुमच्या लॅपटॉपवर तुमचे रोजचे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असेल, तर त्यासाठी वेगळे खाते काढा आणि रोज साध्या खात्यातून काम करा. दहा मिनिटांचे काम आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे. मी बारा वर्षे केवळ लिनक्स वापरत आहे आणि सहा वर्षांपासून आईच्या संगणकावरही तेच आहे, तरीही "लिनक्सला व्हायरस लागत नाही" हे वाक्य आपण सर्वांनी बोलणे सोडून द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण ते ऐकून नवा माणूस गाफील होतो.

लिनक्सचे खरे बळ सॉफ्टवेअर मिळवण्याच्या रीतीत आहे. ब्राउझर असो, टंकलेखनाचे सॉफ्टवेअर असो किंवा फोटो पाहण्याचे, सर्व काही वितरणाच्या (म्हणजे उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च अशा लिनक्सच्या तयार रूपांपैकी तुम्ही निवडलेल्या एकाच्या) एकाच भांडारातून येते, प्रत्येक पॅकेजवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि एकाच वेळी सगळ्यांचे अपडेट होते. विंडोजवर वडिलांना एखादे सॉफ्टवेअर हवे असेल तर ते शोधयंत्रात नाव टाकतील आणि वर दिसणाऱ्या पहिल्या दुव्यावर जातील, जो पुष्कळदा जाहिरातीचा असतो. बनावट सॉफ्टवेअर घरात येते ते बहुधा याच वाटेने. भांडाराची सवय लागली की ती वाट बंद होते.

पण भांडारही माणसेच चालवतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही काळ तेथील दुव्यावरून मागचे दार असलेली प्रत उतरवली जात होती. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारात ब्राउझरच्या नावाखाली टाकलेली घातक पॅकेजेस सापडली. आणि २९ मार्च २०२४ रोजी उघडकीला आलेले एक्सझेडचे प्रकरण तर आठवले तरी छातीत धस्स होते. फाइली दाबून लहान करणाऱ्या, इतर प्रोग्राम वापरतात अशा एका साध्या सॉफ्टवेअर-लायब्ररीच्या देखभालीत कोणी तरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावत शिरले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने, प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढेच जाणवले होते. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला म्हणून ते सापडले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत किंवा उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांपर्यंत ते तोवर पोहोचले नव्हते. यातून मी स्वतःपुरता घेतलेला धडा असा की, घरच्यांच्या संगणकावर सर्वांत नवे ते कधीही बसवायचे नाही. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-अपडेट मिळतात, आणि त्यावर आधारलेल्या मिंटलाही तितकीच मिळतात. वडिलांसाठी तीच घ्या.

आता लिनक्सची एक उणीव, जी आमच्या मंडळींत फारशी बोलली जात नाही. लिनक्समध्ये प्रणालीला धक्का लावायचा असेल तर पासवर्ड द्यावा लागतो हे खरे, पण तुमचे फोटो, हिशेब आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सारे तुमच्याच होम फोल्डरमध्ये असते, आणि तुमच्या नावाने चालणारा कोणताही साधा प्रोग्राम ते पासवर्डशिवाय वाचू शकतो. प्रणाली शाबूत राहते, नुकसान तुमचे होते. एक्स११ या जुन्या चित्रयंत्रणेत तर एका खिडकीतला प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळाही टिपू शकतो. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये हे दार बंद केले आहे आणि उबुंटू व फेडोरा यांत आता वेलँडच मुळात असते. मिंटची सिनेमन मांडणी मात्र दीर्घकाळ एक्स११ वरच राहिली. फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज-पद्धतीतून घेतलेल्या प्रोग्रामना बंदिस्त ठेवण्याची सोय आहे, परंतु त्यांतल्या पुष्कळांना संपूर्ण होम फोल्डरची परवानगी दिलेलीच असते, त्यामुळे ती कुंपणे पाहून घ्यावी लागतात.

रोजच्या वापरात आईला काय अडले ते सांगतो. ब्राउझर, व्हिडिओवरचे बोलणे, मेल, छपाई यांत काहीही नाही. अलीकडचे प्रिंटर ड्रायव्हर न घालताच ओळखले जातात. स्कॅनरने मात्र दमवले. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण अक्षरसंच वेगळा असल्यास ओळी सरकतात आणि एका पानाचे पत्र दीड पानाचे होते, म्हणून मी तिला पत्रे पीडीएफ करूनच पाठवायला शिकवले. एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अपडेटनंतर पडदा काळा राहिला आणि मला प्रत्यक्ष जाऊन जुना कर्नल निवडून तो संगणक उठवावा लागला. सहा वर्षांत असे एकदाच घडले, पण त्या दिवशी ती एकटी काहीही करू शकली नसती, हे मी लपवणार नाही. वडिलांना लिनक्स द्याल तर मागे तुम्ही उभे असायला हवे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फाइलींची शेपटे लगेच चालू केली. 'डाउनलोड'मध्ये दोन फाइली अशा निघाल्या की ज्या मी आजवर चित्रे समजत होतो.

माझ्या मनात आणखी दोन गोष्टी आहेत. मॅकबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. वापरलेला मॅक घेऊन वडिलांना द्यावा का? आणि वडील दिवसातला जवळपास सगळा वेळ ब्राउझरमध्येच असतात हे पाहता गूगलच्या क्रोमओएस या ब्राउझरभोवती बेतलेल्या प्रणालीचा विचार करावा का? शिवाय वडिलांना जो प्रकार अनुभवावा लागला तो यांपैकी कोणत्या प्रणालीने टळला असता, हेही कोणी सांगावे.

प्रतिसाद ३

मॅकबद्दल मी लिहिते. दहा वर्षांपासून माझे सर्व काम त्यावर चालते.

मॅकओएसचा मला पटणारा विशेष असा की, वर लिनक्सची जी उणीव सांगितली आहे तिच्यावर ॲपलने सर्वांआधी नेटाने काम केले. २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून ॲडमिनिस्ट्रेटरलाही प्रणालीच्या मूळ फाइली बदलता येत नाहीत, आणि २०२० च्या बिग सरपासून तो सगळा भाग स्वाक्षरी करून मोहोरबंदच केलेला असतो. २०१९ च्या कॅटालिनापासून एखाद्या प्रोग्रामला तुमचे 'डॉक्युमेंट्स' किंवा 'डाउनलोड्स' वाचायचे असेल तर तुमची परवानगी मागावी लागते. म्हणजे प्रोग्राम तुमच्या नावाने चालतो म्हणून तुमचे सगळेच त्याचे होत नाही. इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्राम ॲपलने तपासलेला नसेल तर तो सहजासहजी उघडत नाही. पूर्वी कंट्रोल कळ दाबून क्लिक केले की हा अडसर ओलांडता येत असे, २०२४ च्या सिकोयामध्ये ती पळवाटही काढून टाकली.

तरीही "मॅक घ्या आणि विसरून जा" हे मला मान्य नाही. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या घातक सॉफ्टवेअरने सहा लाखांहून अधिक मॅक बाधित केले होते. जावातील त्या दोषाची दुरुस्ती इतरांना फेब्रुवारीत मिळाली आणि मॅकपर्यंत ती पोहोचायला एप्रिल उजाडला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर हाय सिएरात 'रूट' हे नाव लिहून पासवर्डची जागा रिकामी सोडली तरी आत शिरता येत होते. ॲपलने ते एका दिवसात दुरुस्त केले, पण असे होऊ शकते हे विसरू नये. अलीकडे पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर मॅकवरही भरपूर आहेत. "आपण मानव आहात हे सिद्ध करण्यासाठी टर्मिनल उघडा आणि ही ओळ चिकटवा" असे सांगणारे पान पुढे येते, आणि माणूस ती ओळ स्वतःच चिकटवतो. अशा वेळी कोणतीही मोहोर कामाला येत नाही, कारण आज्ञा मालकाचीच असते. विंडोजवर हाच प्रकार 'रन'च्या चौकटीतून करवून घेतात.

वापरलेला मॅक घ्यायचाच असेल तर इंटेल प्रोसेसरचा घेऊ नका. २०२५ ची मॅकओएस २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, असे ॲपलने स्वतःच जाहीर केले आहे. शिवाय आधीच्या आवृत्त्यांना काही काळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळत असल्या, तरी सगळ्या ज्ञात दोषांची दुरुस्ती फक्त सर्वांत नव्या आवृत्तीतच मिळते, आणि विंडोजसारखी आधार संपण्याची तारीखही आधी छापलेली नसते. वडिलांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट: खिडकी बंद करण्याचे बटण डावीकडे गेले, कॉपीसाठी वेगळी कळ आली, एवढ्यानेही ज्येष्ठ माणसाचा हात महिनाभर चाचपडतो. माझ्या सासूबाईंना मी कागदावर चार कळा काढून दिल्या होत्या. तो कागद अजून पडद्याच्या कडेला चिकटवलेला आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

क्रोमओएसबद्दल थोडक्यात. संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी प्रणालीची पडताळणी होते, तिच्या दोन प्रती असतात, अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढते आणि बिघाड झाल्यास पहिली प्रत तयार असते. काळ्या पडद्यासमोर बसण्याची वेळ त्यामुळे सहसा येत नाही. २०२१ पासूनच्या क्रोमबुकांना, म्हणजे क्रोमओएस असलेल्या लॅपटॉपांना, दहा वर्षे अपडेट मिळतील असे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. माझ्या मते सामान्य माणसाला काहीही न शिकवता मिळणारी सर्वांत भक्कम सुरक्षितता आज इथे आहे, आणि तिची किंमतही स्पष्ट आहे: सगळा कारभार गूगलच्या खात्याला बांधला जातो. जुन्या संगणकावर टाकता येणारे क्रोमओएस फ्लेक्स मात्र हुबेहूब तेच नव्हे. सुरुवातीची ती पडताळणी ज्या सुरक्षा-चिपच्या आधारे होते ती तुमच्या डेस्कटॉपमध्ये नाही. टाकण्यापूर्वी तुमचे मॉडेल गूगलच्या प्रमाणित यादीत आहे का तेवढे पाहा.

वडिलांना दिसलेला प्रकार यांपैकी कोणत्याही प्रणालीने टळला नसता, कारण त्यात संगणकाला काहीच झालेले नव्हते. ते एक साधे वेबपान होते, बहुधा जाहिरातीतून उघडलेले, आणि ब्राउझरने ते पूर्ण पडदाभर दाखवले. त्यांनी तो क्रमांक फिरवला असता तर पुढच्या माणसाने त्यांच्याकडून दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले असते, आणि तेही वडिलांच्या परवानगीने. त्याचा बंदोबस्त ब्राउझरमध्ये आहे. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती अडवणारे विस्तारक वापरा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे दिला होता. दुसरे म्हणजे असे पान आल्यावर एस्केप कळ दाबून धरायची आणि मग टॅब बंद करायचा, हे त्यांच्याकडून दोन-तीनदा करवून घ्या. सांगून उपयोग नाही. हाताला सवय हवी. भिंतीवरचे बटण बंद केले यातही वाईट काहीच झाले नाही, त्यांचे ते वागणे अगदी बरोबर होते, हे त्यांना आवर्जून सांगा.

कोणी क्यूब्ज किंवा ओपनबीएसडी या सुरक्षिततेलाच वाहिलेल्या प्रणाली सुचवण्याआधीच लिहून ठेवतो. क्यूब्जमध्ये प्रत्येक काम वेगळ्या आभासी संगणकात चालते, बँकेचे एका आणि मेलचे दुसऱ्या, आणि विभाजनाची ती कल्पना अतिशय सुंदर आहे. परंतु त्या प्रणालीला बलदंड यंत्र लागते, आणि कोणती खिडकी कोणत्या कप्प्यातली याचे भान सतत ठेवावे लागते. ज्यांच्या जिवावर बेतू शकते अशा पत्रकारांसाठी ती योग्य आहे. पत्रे छापणाऱ्या आजोबांसाठी नाही.

प्रश्नकर्ता

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. जुना डेस्कटॉप गूगलच्या यादीत नव्हता, त्यामुळे त्यावर उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती टाकली. आधी पेन-ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, कॅमेरा आणि आवाज तपासले, डिस्क कूटबद्ध केली आणि वडिलांचे खाते साधे ठेवले. जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत काढून ती कपाटात ठेवली आहे.

वडिलांनी पहिल्या दिवशी एकच मागणी केली: बँकेचे चिन्ह पूर्वी जिथे होते तिथेच, डावीकडे वरून तिसरे, असले पाहिजे. तेवढे केल्यावर त्यांनी बाकी बदलांविषयी चकार शब्द काढला नाही. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन घातल्यावर वर्तमानपत्राचे पान इतके मोकळे दिसू लागले की, काही मजकूर गळला तर नाही ना, असे त्यांनी मला दोनदा विचारले. एस्केप कळेचा सरावही करवून घेतला. मी मुद्दाम एक पान पूर्ण पडदाभर उघडून ठेवत असे आणि वडील ते बंद करून दाखवत असत. चौथ्या वेळी मला हाक न मारता त्यांनी ते बंद केले आणि बातमी पुढे वाचू लागले.

स्कॅनर अजून लागलेला नाही. त्याचा ड्रायव्हर कुठे मिळेल हे प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांनी सांगितल्यास उपकार होतील.